‘हाड वाढले आहे’ असे कळल्यावर या चुका टाळा

सकाळी पहिले पाऊल फरशीवर टेकताच टाचेत कळ उठते, थोडे चालल्यावर ती ओसरते आणि दिवसभराच्या उभ्या कामानंतर संध्याकाळी पुन्हा जाणवते. ही तक्रार वडगावच्या यंत्रमागावरील विणकराची असू शकते, तशी निपाणीतील तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईचीही. एक्स-रेमध्ये टाचेखाली वाढलेल्या हाडाचा काटा दिसला की सारा दोष त्याच्यावर जातो, आणि पहिली चूक येथेच होते. असा काटा कधीच न दुखलेल्या अनेक टाचांतही असतो. दुखते ते बहुधा टाचेपासून बोटांकडे जाणारा, ताणून सुजलेला जाड पट्टा. म्हणून काटा कापून घेण्याची घाई करू नये. बहुतेकांना शस्त्रक्रियेविना काही महिन्यांत, फार तर वर्षभरात आराम पडतो.

‘कॅल्शियम साचले’ असे समजून दूध आणि नाचणी सोडणे ही दुसरी चूक. गुडघ्यात किंवा बोटांच्या पेरांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजते, तेव्हा सांध्याच्या कडेला नवे हाड धरते. त्याचा ताटातल्या दुधाशी संबंध नाही.

रुईच्या पानावर तापल्या विटेचा शेक घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि सोसेल इतक्या उबेला माझी हरकत नाही. मात्र मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, तर भाजल्याचे कळतही नाही आणि जखम चिघळते. बिब्बा तर कोणीच लावू नये, कारण त्याने कातडीला फोड येतात.

घरात अनवाणी वावरणे आणि झिजलेली चप्पल वर्षानुवर्षे वापरणे या चुका क्षुल्लक वाटतात, पण बरे होणे त्यांच्यामुळेच रखडते. सौंदत्तीच्या डोंगरावर अनवाणी जाण्याचा नवस असल्यास तो कळ थांबेपर्यंत पुढे ढकलावा. अंथरुणातून उठण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून अर्धा मिनिट धरावीत आणि असे लागोपाठ काही वेळा करावे. पोटरी ताणण्यासाठी भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ ठेवावा. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला अपाय होतो, आणि टाचेत वारंवार स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्यास तोच पट्टा तुटण्याची भीती असते.

तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर अर्धा तास किंवा अधिक वेळ आखडत असेल, तर ते दुखणे संधिवाताच्या एका वेगळ्या प्रकाराचे असू शकते. तेव्हा घरगुती उपाय करत न बसता संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.