टी-पेशींच्या लॅबमध्ये रुजू होण्याआधी

‘कार-टीमध्ये यायचंय, काय वाचू?’ असं विचारणारी एमएस्सीची मुलं हल्ली वरचेवर भेटतात. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, बदलून रक्ताच्या कॅन्सरवर करायचे उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार-19 या कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून हा ओढा वाढलाय.

वाचायचं ते वाचाच. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या करायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत नवा जनुक घालायचा, मग त्या सीडी19 हे प्रथिन असलेल्या कॅन्सरच्या पेशी हुडकून मारतात. मुलाखतीत एवढं सगळेच घडाघडा सांगतात. सीडी19 प्रतिपिंडं बनवणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असतं, मग त्यांचं काय होतं, असं विचारलं की निम्मे गप्प होतात. त्याही मरतात. म्हणून पुढे कित्येक महिने संसर्गाची धास्ती असते.

पण खरी परीक्षा हाताची. पहिल्याच महिन्यात माझी बाही पेशी वाढवायच्या उघड्या प्लेटवरून गेली, म्हणजे आत जंतू पडायची भीती. सीनियर मॅडम काही बोलल्या नाहीत, प्लेट उचलून थेट ब्लीचमध्ये रिकामी केली. रक्त निरोगी दात्याचं होतं, सरावाचं, म्हणून निभावलं. रुग्णाच्या टी-पेशी आधीच्या केमोने थकलेल्या आणि मोजक्याच असतात. आजार बळावलेला असताना त्या पुन्हा काढता येतीलच असं नाही.

पेशी मोजायला शिका, यंत्र असलं तरी. ट्रिपॅन ब्लू हा रंग घातल्यावर मेलेल्या पेशी निळ्या दिसतात, जिवंत असतात त्या कडेने चमकतात, नीट भिजलेल्या साबुदाण्यासारख्या. टी-पेशींना वाढीसाठी चेतवल्यानंतर दोन-तीन दिवसांत त्या फुगतात, घोळके करतात. घोळके दिसले नाहीत तर मला तरी जेवण जात नाही. आणि त्यांना रविवार नसतो, गणपतीही नसतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

लिखापढीचा कंटाळा असेल तर मात्र दुसरीकडे बघा. वेळ त्याच मिनिटाला लिहायची. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख. व्हाइटनर लावायचा नाही. जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं इथे धरतात. मला हे जाचक वाटायचं, आता वाटत नाही.

परवानगी मिळाली तर एकदा वॉर्डात जाऊन या. तयार पेशींची गोठवलेली पिशवी वितळवून सलाईनसारखी लावतात, मिनिटांत संपते. गोठवताना घातलेल्या द्रावणामुळे रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. पुढचे दिवस नाजूक असतात. सायटोकाइन, म्हणजे पेशींनी सोडलेली दाह वाढवणारी प्रथिनं, उसळले तर ताप चढतो, रक्तदाब पडतो. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध तयार ठेवतात. मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला रोज एक वाक्य लिहून घेतात. एक आजी रोज ‘मला घरी जायचंय’ एवढंच लिहायच्या. पाचव्या दिवशी ‘घरी’ची वेलांटी भलतीकडेच गेली, आणि सिस्टरने कागद हातात धरूनच डॉक्टरांना फोन लावला.