घरातच होणाऱ्या छळाची खबर कशी द्यावी: खानदेशातील आरोग्य, बँक व शासकीय कर्मचाऱ्यांसाठी

चोपडा तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रात रक्तदाब तपासायला सत्तरीतल्या आजी येतात. त्यांच्या दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे निळसर डाग दिसतात, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोबतचा मुलगाच देतो आणि आजी खाली पाहत "काही नही व्हयनं" एवढेच पुटपुटतात. पडणारा माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे खरचटतात ते सहसा तळहात, कोपर आणि गुडघे. दंडाच्या आतल्या बाजूचे डाग घट्ट धरल्याचे असू शकतात. 'असू शकतात' हा शब्दप्रयोग इथे जाणूनबुजून केला आहे. खबर देणाऱ्याने छळ सिद्ध करायचा नसतो. आपल्याला जे दिसले आणि जे ऐकू आले, ते योग्य व्यक्तीपर्यंत वेळेत पोहोचवणे एवढेच त्याचे काम असते. 'पुरावा मिळू दे, मग बघू' या विचाराने थांबलेले कर्मचारी मी अनेक पाहिले आहेत, आणि त्या थांबण्याची किंमत त्यांना स्वतःला कधीच मोजावी लागलेली नाही.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. शेताची वाटणी झाल्यावर आईबापाचीही वाटणी होते, एक थोरल्याकडे आणि एक धाकट्याकडे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ती अनेक घरांत नीट चालते. मात्र पाळी बदलताना म्हाताऱ्याची औषधे मागेच राहतात, किंवा ऐन मे महिन्याच्या उन्हात त्याची खाट मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाते, तेव्हा ती हेळसांड ठरते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1,500 रुपये काढायला दर वेळी सूनच येते, आजींचा अंगठा लावून घेते आणि नोटा आजींच्या हाती पडतच नाहीत, हे बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्याला इतर कोणाहीपेक्षा आधी दिसते. सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या एकट्या विधवेला 'डाकीण' (चेटकीण) ठरवण्याची कुजबुज सुरू झाली असेल, तर ती धोक्याची सर्वांत गंभीर खूण समजावी आणि प्रत्यक्ष मारहाणीची वाट पाहू नये.

संशय आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे त्या व्यक्तीशी एकटीशी बोलणे. नातेवाइकाला बाहेर पाठवण्यासाठी भांडण करावे लागत नाही. वजन घ्यायचे आहे, लघवी तपासायची आहे, सही जुळवून पाहायची आहे, अशी रोजच्या कामातली कारणे पुरेशी असतात. दुभाषा लागत असेल, म्हणजे आपल्याला पावरी किंवा भिली येत नसेल, तर घरातल्या माणसाला कधीही दुभाषा करू नये. प्रश्न मोकळा ठेवावा. "मुलानं मारलं का?" असे विचारण्याऐवजी "हे कसं झालं?", "घरी जेवणाखाण्याचं कसं चाललंय?" असे विचारावे आणि नंतर गप्प बसावे, उत्तर यायला वेळ लागतो. "कोणालाच सांगणार नाही" असे वचन मात्र देऊ नये, कारण ते पाळता येईलच असे नाही.

सज्ञान आणि समजूतदार माणसाला स्वतःच्या आयुष्याचा निर्णय घेण्याचा अधिकार आहे, म्हणून पुढे कळवण्यापूर्वी त्याची संमती विचारावी आणि तो काय म्हणाला तेही लिहावे. त्याने नकार दिला तरी काही प्रसंगांत वरिष्ठांना किंवा पोलिसांना कळवावेच लागते: जिवाला धोका असेल, आजारामुळे त्याला निर्णय घेता येत नसेल, त्याच घरात दुसरेही कोणी संकटात असेल, किंवा कायद्यानेच कळवणे बंधनकारक असेल. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 101 नुसार, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा सांभाळ करणाराच तिचा छळ किंवा हेळसांड करत आहे असे मानायला ज्याला कारण असेल, त्याने संबंधित पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे, मग तो कर्मचारी असो वा शेजारी. वेड लागले म्हणून माणसाला गोठ्यात साखळीने बांधून ठेवणे हा 'घरचा मामला' नाही. त्याच कायद्याचे कलम 95 साखळदंडाला मनाई करते. लैंगिक अत्याचार किंवा ॲसिड हल्ल्याच्या प्रकरणात रुग्णालयाने मोफत उपचार करून पोलिसांना तत्काळ कळवणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 नुसार बंधनकारक आहे.

यानंतरचे काम नोंदीचे, आणि बहुतेक प्रकरणे इथेच फसतात. "रुग्णाचा घरी छळ होतो असे वाटते" या वाक्याचा पुढे कोणालाही उपयोग होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "सकाळी 10.40. उजव्या दंडाच्या आतील बाजूस चार निळसर डाग, प्रत्येकी अंदाजे 2 सें.मी. मुलगा बाहेर गेल्यावर रुग्ण म्हणाली, 'पोऱ्या मारस. माले जेवाले देत नही.' हे सांगताना ती दाराकडे पाहत होती." माणूस अहिराणीत बोलला असेल तर अहिराणीतच लिहावे, प्रमाण मराठीत उतरवलेले वाक्य आपले होते, त्याचे राहत नाही. पाहिलेले, ऐकलेले आणि आपला अंदाज यांची सरमिसळ करू नये. नोंद त्याच दिवशी करावी, खाली सही, हुद्दा आणि वेळ घालावी. रुग्णालयात एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) करण्याचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा असतो, म्हणून परिचारिकेने किंवा समाजसेवा अधीक्षकांनी जखमांची माहिती त्यांना लगेच द्यावी.

खबर प्रथम आपल्या वरिष्ठांकडे जावी, पण खेड्यात वरिष्ठ त्याच भाऊबंदकीतले निघू शकतात. तसे असेल तर त्यांना वगळून तालुका किंवा जिल्हा पातळीवर जाणे ही शिस्तभंगाची गोष्ट नव्हे. तातडीचा धोका असेल तर थेट 112. घटना दुसऱ्या हद्दीत, अगदी बऱ्हाणपूरला किंवा गुजरातच्या बाजूला घडली असली, तरी कोणत्याही पोलीस ठाण्याला दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती घ्यावी लागते. पीडित स्त्री असेल आणि छळ घरातलाच असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खालील संरक्षण अधिकाऱ्याकडे कोणीही माहिती देऊ शकतो. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम 4 स्पष्ट सांगते. हा कायदा फक्त सुनेसाठी आहे असा समज आहे, पण मुलाच्या घरातली आईही त्यात येते. दिव्यांग व्यक्तीसाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 7 नुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवता येते. 'डाकीण' प्रकरणात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो आणि तिथे पोलिसांतील दक्षता अधिकारी गाठावा.

ज्येष्ठांच्या निर्वाहाचा प्रश्न प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे जातो. रावेर आणि यावलच्या लोकांसाठी ते कार्यालय फैजपूरला आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे अर्ज ज्येष्ठाने स्वतः करावा, त्याला जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वा संस्थेने करावा, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला जमिनीचे बक्षीसपत्र करून दिले असेल आणि मुलाने सांभाळले नसेल, तर कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. म्हणून दस्ताची प्रत कुठे आहे एवढे जरूर विचारून ठेवावे. नेमके कुठे जावे हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी 14567, महिलांसाठी 181 आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी 15100 हे क्रमांक आहेत.

काही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. संशयित नातेवाइकाला आधी जाब विचारू नये. त्या रात्री आजींना त्याच घरात झोपायचे असते. जखमेचा फोटो कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. गावकीची बैठक बोलावून 'समजुतीने मिटवण्याचा' प्रयत्न तर मुळीच करू नये, कारण अशा बैठकीत म्हाताऱ्या माणसाकडून सर्वांसमोर "माझी काही तक्रार नाही" असे वदवून घेतले जाते आणि पुढचे सगळे रस्ते बंद होतात.

लेखी खबर दिल्यावर तिची पोहोच घ्यावी आणि त्यावरचा आवक क्रमांक आपल्या नोंदवहीत त्याच पानावर लिहावा. पोलीस ठाण्याने नोंद नाकारली तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतो. आठ दिवसांनी पुन्हा गृहभेट किंवा फेरतपासणी ठेवावी, तिचे कारण घरच्यांना रक्तदाब असेच सांगावे, आणि त्या दिवशी दोन्ही दंड पुन्हा पाहावेत.