जुनी गाडी गॅरेजला द्यायची? आधी उघडलेली गाडी बघा

जुनी गाडी पुन्हा नव्यासारखी करून घ्यायला गॅरेजात गेलात की मालक तुम्हाला चकचकीत, तयार गाडीपाशी नेतो. तिचं कौतुक करा आणि मग म्हणा, "आता अर्धवट काम झालेली दाखवा." तिचे नटबोल्ट चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत आहेत की सगळे एकाच डब्यात, ते बघा. उघडा पत्रा प्रायमर न मारता महिनोनमहिने पडून असेल तर त्यावर गंज चढलेला दिसेलच.

तयार गाडीजवळ जाताना खिशात कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक असू द्या (मालकाला विचारून). दाराचा खालचा काठ, चाकावरची कमान. लोखंडी पत्र्यावर ते धरत नसेल तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जाड भरली आहे. पातळ लांबी सगळेच मारतात. गंजाच्या भोकावर मारलेली नको.

माझी १९६७ची फोक्सवॅगन बीटल. या गाडीत दाराखालच्या पोकळ पत्र्यातून हीटरची हवा जाते, आणि बॉडीला मजबुतीही तोच देतो. माझा गंजून चाळण झाला होता. पहिल्या गॅरेजने दाराच्या चौकटीत आधाराच्या सळया न मारताच तो कापला. बॉडी जराशी बसली, नवा पत्रा तसाच वेल्ड झाला. रंग झकास, पण दार उचलून लावावं लागायचं! दुसऱ्याकडे ते सगळं पुन्हा कापलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारतो, "कापायच्या आधी आधार कुठे देता?" जाणकार माणूस लगेच गाडीवर हात ठेवून जागा दाखवतो. "होऊन जाईल" म्हणणाऱ्याला नमस्कार.

आता पैसे. गाडी न उघडता ठाम आकडा सांगणारा एकतर घाबरून जास्त सांगतो, नाहीतर कमी सांगून नंतर वाढवतो. म्हणून उघडून तपासण्याचे पैसे वेगळे ठरवा आणि पत्र्याचा अंदाज त्यानंतर लेखी घ्या. मजुरी तासावर असेल तर दर पंधरवड्याला तासांचा हिशेब, फोटो, पार्टच्या पावत्या. मोठी उचल देऊ नका. ती संपली की तुमची गाडी कोपऱ्यात जाते आणि नव्या गिऱ्हाइकाची पुढे येते. महागडा पार्ट मागवायचा असेल तर तेवढ्यापुरते द्या, पावती स्वतःच्या नावावर घ्या.

पत्र्याच्या कामाचा हप्ता प्रायमर मारायच्या आधी, स्वतः जाऊन, वाकून बघून द्या. नंतर वेल्डिंग कोणाला दिसणार? क्रोमचं काम बहुतेक जण बाहेर पाठवतात, तेव्हा नग मोजून फोटो काढा. माझं एक हबकॅप असंच गेलं. गाडी तिथे असताना विमा कोणाचा, तेही कागदावर हवं.

शेवटचा हप्ता गाडी चालवून आल्यावरही देऊ नका. रात्रभर खाली पुठ्ठा घालून उभी करा, सकाळी थंड इंजिन सुरू करा, पुठ्ठ्यावरचे डाग बघा, मग द्या.