टाइल्सच्या वरची भिंत : बाथरूमसाठी गडद रंग कसा निवडावा

आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमला रंग लावण्याजोगी जागा थोडीच उरते. साधारण सात फुटांपर्यंत टाइल्स चढलेल्या असतात आणि त्यांच्या वर छतापर्यंतचा दोन-अडीच फुटांचा पट्टा तेवढा रंगाऱ्याच्या वाट्याला येतो. हा पट्टा बहुधा विचार न करताच पांढरा ठेवला जातो. तो गडद केल्यास टाइल्स उठून दिसतात, छताची कड विरघळल्यासारखी होते आणि खोली लहान भासण्याऐवजी तिची उंची नेमकी किती हेच चटकन कळत नाही. मात्र असा रंग शेडकार्डावरून थेट ठरवू नये. आधी भिंतीतली ओल, मग दिव्याचा प्रकाश, त्यानंतर टाइल्सचा रंग आणि अगदी शेवटी शेडकार्ड, अशा क्रमाने जावे.

ओल पहिली, कारण पांढऱ्या भिंतीवर ती पिवळसर डागावर भागते. गडद भिंतीवर मात्र गिलाव्यातले क्षार बाहेर येऊन पांढरा नकाशा उमटतो आणि तो पुसला तरी पुन्हा फुटतो. तपासणी सोपी आहे. जाड प्लास्टिकचा दीड फुटी चौकोन भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव साचले, तर पाणी भिंतीतून येते आहे असे समजावे आणि वरच्या मजल्याच्या गळतीचा निकाल लागेपर्यंत रंगाचा विषय थांबवावा. नवा गिलावा असेल, तर किमान 28 दिवस जाऊ द्यावेत, कारण ताज्या सिमेंटातला अल्कली काही रंगद्रव्यांना फिके पाडतो. गडद रंगावर बुरशीचे काळे ठिपके दिसत नाहीत, ही काही जणांना सोय वाटते. माझ्या मते तो तोटाच आहे, कारण बुरशी कळते तेव्हा ती बरीच पसरलेली असते. म्हणून एक्झॉस्ट फॅन नसेल, तर आधी तो बसवावा.

आता प्रकाश. साडी घेताना आपण ती दुकानाच्या पायरीपर्यंत नेऊन उजेडात पाहतो, कारण ट्यूबलाइटखाली काळी वाटलेली साडी बाहेर गडद जांभळी निघते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असते. बाथरूमच्या बाबतीत हा शहाणपणा उलटा वापरावा लागतो. डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीतून सूर्यप्रकाश जवळजवळ येतच नाही. ती भिंत आयुष्यभर दिव्याखालीच दिसणार असते, तेव्हा रंगही त्याच दिव्याखाली पाहायला हवा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली निळा आणि राखाडी रंग स्वच्छ दिसतात, पण अंजिरी, चॉकलेटी, डाळिंबी हे रंग मरगळतात. 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली हेच रंग खुलतात, आणि गडद निळा मात्र काळपट होऊन बसतो. रंग आवडता असेल, तर दिवा बदलणे स्वस्त पडते.

प्रकाशाचे प्रमाणही बदलावे लागते. रंग किती प्रकाश परत फेकतो, हे 0 ते 100 अशा अंकात मोजतात आणि त्याला एलआरव्ही म्हणतात. चांगल्या पांढऱ्याचा हा अंक ऐंशीच्या पुढे असतो, तर काजळी किंवा घननिळ्या छटांचा बहुधा दहाच्या आत. म्हणजेच आजवर भिंत जो उजेड परत देत होती तो आता मिळणार नाही, आणि आरशासमोर दाढी करताना डोक्यावरच्या एकाच दिव्यामुळे हनुवटीखाली सावली पडेल. आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे असतील, तर ही अडचण उरत नाही.

टाइल्सकडे पाहताना त्या ‘पांढऱ्या’ आहेत असे गृहीत धरू नये. बिल्डरने लावलेल्या टाइल्स पुष्कळदा बिस्किटी किंवा आयव्हरी असतात. कोरा कागद टाइलवर धरला की ते लगेच उघड होते. अशा टाइल्सवर निळी झाक असलेला गडद राखाडी लावला, तर टाइल्स पिवळ्या पडल्यासारख्या, न धुतलेल्या दिसतात. तिथे शेवाळी, आमसुली किंवा तपकिरीकडे झुकणारा काळा शोभतो. खरोखर पांढऱ्या टाइल्सवर घननिळा, बाटली हिरवा, मोरपिशी यांपैकी काहीही बसते. नक्षीची टाइल असेल, तर तिच्यातला सर्वांत गडद रंग शोधून त्याची किंचित राखाडी छटा घ्यावी. हुबेहूब तोच रंग घेतला, तर भिंत आणि टाइल यांची स्पर्धा लागते.

एवढे झाल्यावर शेडकार्डातून तीन छटा निवडाव्यात आणि प्रत्येकीचा सर्वांत लहान डबा आणावा. नमुना भिंतीवर लावू नये, कारण भोवतीच्या पांढऱ्यामुळे प्रत्येक गडद रंग आहे त्याहून काळा भासतो. दीड-दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत, पूर्ण वाळू द्यावे (इमल्शन ओले असताना दुधाळ दिसते आणि वाळल्यावर गडद होते) आणि तो पुठ्ठा टाइल्सच्या वरच्या कडेला उभा टेकवून ठेवावा. आडवा धरलेला पुठ्ठा फसवतो. दोन-तीन दिवस सकाळी अंघोळीच्या वेळी आणि रात्री दिव्याखाली तो पाहिला की तीनपैकी एक छटा आपोआप बाद होते.

टाइल्स चार फुटांपर्यंतच असलेल्या जुन्या घरांत मात्र सावध राहावे. आमच्या जुन्या घरी अशाच भिंतीवर मी मोठ्या हौसेने काळसर निळा लावला होता. बोअरवेलचे पाणी, बादली-तांब्याची अंघोळ आणि मुलांचा उत्साह यांमुळे पंधरा दिवसांत भिंतीवर पांढऱ्या ओघळांच्या रेघा उठल्या. ओल्या फडक्याने त्या जात आणि भिंत वाळली की परत येत. पाणी जड असेल, तर शिंतोडे उडतात तेथवर टाइल्स चढवाव्यात किंवा तेवढ्या भागाला मधला, मातकट रंग द्यावा, कारण क्षारांचे डाग राखाडी-तपकिरी छटांवर सर्वांत कमी ओरडतात.

चकाकीचा निर्णय भिंतीच्या पुट्टीवर सोडावा. चकचकीत रंग सहज पुसता येतो, पण गडद आणि चकचकीत भिंतीवर पुट्टीची प्रत्येक लाट दिव्याच्या तिरप्या प्रकाशात दिसते. पूर्ण मॅटवर बोट घासले तरी चकाकता पट्टा राहतो. धुता येणारे, मंद झळाळीचे इमल्शन हा मधला मार्ग बरा. पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्यावी, कारण अ‍ॅक्रिलिक पुट्टी वाफेने मऊ पडू शकते.

रंगारी दोन हातांचा हिशेब सांगतील, पण गडद रंगाला तीन धरावेत. गडद छटा ज्या बेसमध्ये (दुकानात रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ रंगात) मिसळतात, त्यात झाकण्याचे काम करणारा टायटॅनियम डायऑक्साइड फारच कमी असतो किंवा नसतोच. त्यामुळे पांढऱ्या प्रायमरवर डाळिंबीसारखे रंग चार हातांनंतरही पट्टे दाखवतात, आणि प्रायमर राखाडी करून घेतला की काम हलके होते. सात बाय पाच फुटांच्या बाथरूममध्ये अडीच फुटांचा पट्टा साठ चौरस फुटांचा होतो. एका हाताला लिटरमागे सुमारे 120 चौरस फूट धरले, तर तीन हातांना दीड लिटर लागतो. एक लिटरचे दोन डबे एकाच वेळी मिसळून घ्यावेत आणि सुरुवातीलाच एका बादलीत एकत्र करावेत, कारण दोन डब्यांतला सूक्ष्म फरक गडद भिंतीच्या मधोमध उघडा पडतो.

पांढरा गीझर, त्याला जोडलेले क्रीम रंगाचे पाइप, पांढरा स्विचबोर्ड आणि एक्झॉस्टची चौकट ही मंडळी गडद भिंतीवर अचानक ठळक होतात. उघडे पाइप भिंतीच्याच रंगाने रंगवून घ्यावेत. गीझर मात्र तसाच राहू द्यावा. छत पांढरे ठेवायचे असल्यास भिंतीचा रंग बीमच्या खालच्या कडेशी न थांबवता छताच्या कोपऱ्यापर्यंत न्यावा, नाहीतर पट्टा तुटका दिसतो.

उरलेला रंग लहान बरणीत काठोकाठ भरून ठेवावा आणि तिच्यावर छटेचा क्रमांक, बेसचे नाव व तारीख लिहावी. पुढे ओरखडा उठला, तर तेवढ्यावरच ब्रश फिरवू नये. गडद रंगावर त्याचे ठिगळ दिसते. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तो पूर्ण पट्टा एका हाताने रंगवून घ्यावा.