सीओपीडी: पंप घेऊनही दम कमी होत नाही? या चुका टाळा

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. त्याचं औषध लागू पडेना, की लोक गोळी किंवा डॉक्टर बदलतात. त्याआधी पंप कसा ओढला जातो ते पाहावं. दोष बऱ्याचदा तिथेच निघतो.

सगळ्यात मोठी गल्लत श्वासाच्या वेगाची. दाबून फवारा सोडायचा पंप असेल तर तो आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग सावकाश 4-5 सेकंद आत ओढा आणि ओढायला सुरुवात करतानाच दाबा. जोरात ओढलं तर औषध घशावरच आदळतं. रोटाहेलरचं, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर ओढायच्या साधनाचं, नेमकं उलट. त्यातली पावडर उडते ती तुमच्याच श्वासाने, त्यामुळे पहिल्या क्षणापासून जोर लावायचा. घरात दोन्ही असले की दोन्ही एकाच पद्धतीने ओढले जातात आणि एक वाया जातं. दोन्हींनंतर 10 सेकंद श्वास धरा. फवाऱ्याच्या पंपाचा दुसरा डोस अर्ध्या ते एका मिनिटाने.

रोटाहेलरमध्ये उच्छ्वास सोडू नका. ओलाव्याने पावडरीच्या गुठळ्या होतात. पावसाळ्यात कॅप्सूल मूळ बाटलीतून आयत्या वेळीच काढा. आत पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. कॅप्सूल गिळणारेही आहेत. त्याचा उपयोग नाही.

दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावा. वयस्कांना तो पहिल्यापासूनच द्यावा. साबणाच्या पाण्यात धुऊन निथळू द्या, आतून पुसू नका. पुसल्याने स्थिर विद्युत तयार होते आणि औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं. पंपात स्टेरॉइड असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

‘सवय लागते’ म्हणून रोजचा पंप बंद करणं ही जुनीच चूक. रोजच्या पंपातल्या टायोट्रोपियमचा परिणाम 24 तास राहतो, दम लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलचा 4-6 तास. दुसरा पहिल्याची जागा घेत नाही.

घरी ऑक्सिजन असेल तर दम लागला म्हणून त्याच्या प्रवाहाचा काटा स्वतःहून वाढवू नका. अशा अनेक रुग्णांत रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी 88 ते 92 टक्के हेच लक्ष्य असतं. त्याहून जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो: सकाळी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं. असं दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. लांब मुदतीचा ऑक्सिजन सांगितला असेल तर तो दिवसाला किमान 15 तास लागतो, रात्र धरून. यंत्राजवळ विडी, उदबत्ती, निरांजन नको. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीनऐवजी पाण्यावर आधारित जेल लावा.