पावसाळ्यात बदक लंगडू लागले तर आधी तळवा पाहा, मग खाद्याचे पोते

पाऊस लागून राहिला की बदके खुशीत असतात आणि म्हणूनच या दिवसांत त्यांच्या पायांकडे सर्वात कमी लक्ष जाते. पाण्यातलाच पक्षी, त्याला ओल काय बाधणार, असे वाटते. पण स्वच्छ पाण्यात पोहणे वेगळे आणि विष्ठेने भिजलेल्या गादीवर रात्रभर बसणे वेगळे. पोहताना पायांवर भार नसतो, तळवेही धुऊन निघतात. ओल्या घाणीत मात्र तळव्याची कातडी भिजून मऊ पडते, खडा रुतला किंवा काडी टोचली तरी फाटते आणि तिथून जंतू आत शिरतात. त्यात याच दिवसांत खाद्याला बुरशी धरते. परसातल्या बदकांचे लंगडणे बरेचदा या दोन ठिकाणी सुरू होते: पायाखालची जमीन आणि खाद्याचे पोते. ती दोन सुधारली नाहीत तर औषधाचा गुण येतो आणि पुन्हा जातो.

बदक लंगडताना दिसले की लगेच धरू नका. आधी जरा लांबून पाहा. एकाच पायावर भार टाळते आहे का? मग बहुधा तळव्याची जखम, मुरगळा किंवा हाड मोडणे. दोन्ही पाय अधू झालेत, घोट्यांवर बसून सरकते आहे का? मग खाद्यातली उणीव किंवा विषबाधा मनात धरावी. एकच बदक आजारी आहे की चार-पाच, हेही महत्त्वाचे. एकाला इजा होते. अनेकांना एकदम झाले तर कारण खाद्यात, पाण्यात किंवा साथीत असते.

धरताना पायाला कधीही हात घालू नका. बदकाचे पाय कोंबडीइतके दणकट नसतात. पाय धरून उचलल्याने सांधा निखळतो, आणि चांगल्या बदकाला आपणच लंगडे करतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून, खालून हाताचा आधार देऊन उचलावे. मग मांडीवर घेऊन वरून खाली चाचपत यावे: खुबा, मांडी, घोटा, बोटे, पडदा, तळवा. दोन्ही पाय शेजारी धरून तुलना केली की सूज आणि गरमपणा चटकन कळतो. बोटाभोवती दोरा किंवा केस आवळलेला नाही ना, हे मुद्दाम पाहावे. सुजेत तो रुतून दिसेनासा होतो आणि पुढचे बोट काळे पडून गळते.

तळव्याची गाठ

या हंगामात सर्वाधिक दिसतो तो बंबलफूट, म्हणजे तळव्यावरची संसर्गाची गाठ. तळवा पाण्याने धुऊन उजेडात धरा. सुरुवातीला तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि लालसर दिसते. त्वचेवरच्या बारीक रेषा पुसल्या जातात. इथेच लक्षात आले तर निम्मे काम झाले. पुढे मधोमध काळी, कडक खपली धरते, भोवती सूज येते, हात लावला तर गरम लागते. आतला संसर्ग बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा असतो. दुर्लक्ष झाले तर तो शिरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडापर्यंत पोहोचतो, आणि मग पाय वाचवणे अवघड होते.

खपली दिसली की ती उचकटून गाठ पिळायचा मोह होतो. तो आवरावा. पक्ष्यांचा पू माणसांसारखा पातळ नसतो, आत घट्ट पिवळट गोळा होऊन बसतो. पिळल्याने तो बाहेर येत नाही, उलट संसर्ग खोल ढकलला जातो. पोटातून दिलेले प्रतिजैविकही त्या गोळ्यात नीट झिरपत नाही. मोठी गाठ पशुवैद्यकाने भूल देऊन, साफ करूनच काढायची.

खपली लहान असेल, सूज बेताची असेल आणि बदक पायावर भार देत असेल तर घरी उपचार करता येतात. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, विरघळवावे आणि पाय १० ते १५ मिनिटे त्यात बुडवून धरावा. हे पाणी बदकाने पिऊ नये, जुलाब होतात. चोच घालणारच, म्हणून आधी पिण्याचे पाणी द्यावे आणि शेकताना मान हाताने वर ठेवावी. नंतर पाय स्वच्छ कापडाने टिपून पूर्ण कोरडा करावा, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे, वर जाळीदार पट्टी ठेवून चिकटपट्टीने सैलसर बांधावी. बोटांच्या मधून पट्टी आडवी फिरवली तर ती निसटत नाही. बांधल्यावर तासाभराने बोटे पाहा. थंड किंवा सुजलेली वाटली तर पट्टी घट्ट झाली आहे. पट्टी रोज बदलावी आणि भिजली तर लगेच बदलावी. ओली पट्टी ठेवण्यापेक्षा पट्टी नसलेली बरी. माणसांच्या औषधपेटीतले, दुखणे बधिर करणारा घटक असलेले मलम लावू नये. तो घटक पक्ष्यांना मानवत नाही.

जखम उघडी असेपर्यंत तळे आणि डबके बंद. बदकाला हे अजिबात आवडत नाही, पण गढूळ पाणी जखमेत गेले की मागची सगळी मेहनत वाया जाते. चार-पाच दिवसांत सूज उतरली नाही, वर घोट्याकडे चढू लागली किंवा बदकाने खाणे टाकले तर पशुवैद्यकाकडे न्यावे. हा जंतू माणसालाही बाधतो. हातमोजे घालूनच ड्रेसिंग करावे.

भारी अंगाच्या पेकिनसारख्या जातींत हा त्रास जास्त होतो, आणि लठ्ठ झालेल्या कोणत्याही बदकात होतो. जास्तीचे दाणे कमी करणे हाही इथे उपचारच आहे.

पिल्लांचे पाय

पिल्लांची गोष्ट निराळी. त्यांच्या पायांत जखम क्वचित असते, उणीव जास्त असते. माझ्या मते बदक पाळणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट पाठ करावी: बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरेच जास्त लागते. वाढत्या पिल्लाला एका किलो खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम नायसिन हवे. कोंबडीच्या पिल्लाचे खाद्य त्याहून कमी गरज धरून बनवलेले असते. मक्यात नायसिन असते, पण बांधलेल्या रूपात. ते पक्ष्याच्या अंगी फारसे लागत नाही. त्यामुळे कोंबडीचे खाद्य आणि मका भरडा यांवरच वाढलेली पिल्ले दोन-तीन आठवड्यांत पायांतून खचू लागतात. घोटे जाड होतात, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात, पिल्लू चार पावले टाकून बसते, मग पंखांचा आधार घेऊन सरकते.

लवकर ओळखले तर हे पालटते. एक कप खाद्याला एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (नायसिन भरपूर असलेली यीस्टची पूड) चोळून मिसळावे. खाद्य किंचित ओलसर केले की ते तळाशी बसत नाही. पाण्यातून नायसिन द्यायचे तर एका लिटरला २५ ते ४० मिलिग्रॅम पुरते, पण बदके पाणी पितात त्याहून जास्त सांडतात, म्हणून खाद्यातून देणे भरवशाचे. ओले खाद्य त्याच दिवशी संपवावे. काही दिवसांत चाल सुधारायला हवी. पाय वाकून हाड तसेच घट्ट झाले असेल तर मात्र यीस्टने ते सरळ होत नाही. म्हणून त्रास दिसण्याची वाट न पाहता पहिल्या आठवड्यापासूनच द्यावे.

पाय दोन्ही बाजूंना पसरून पिल्लू पोटावर पडत असेल तर खालचा पृष्ठभाग पाहा. वर्तमानपत्र, प्लॅस्टिक, गुळगुळीत फरशी यांवर नुकत्याच फुटलेल्या पिल्लाचे पाय घसरतात आणि तसेच राहतात. खरबरीत कापड किंवा रबरी जाळीची चटई घालावी. मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय घोट्याखाली असे जोडावे की मधले अंतर खुब्यांच्या रुंदीइतके राहील. पिल्लू झपाट्याने वाढते, पट्टी रोज सोडून नव्याने बांधावी. पहिल्या काही दिवसांत केले तर बहुतेक पिल्ले सावरतात. पट्टी बांधलेले पिल्लू उथळ पाण्यातही बुडू शकते, तेव्हा पाणी देताना जवळ थांबावे.

एकच पाय अचानक बाजूला वळला, घोटा सुजून सपाट झाला आणि पाय सरळ होत नाही, असे दिसले तर घोट्यामागची शीर खाचेतून सरकली असण्याची शक्यता आहे. यामागे मँगॅनीज, कोलीन किंवा बायोटिन यांची कमतरता असू शकते. हे त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. शीर लवकर जागेवर बसवली तर पाय राहतो, दिवस उलटले तर नाही.

आणखी एक चूक वारंवार होते: मोठ्या बदकांबरोबर पिल्लांनाही अंड्यावरचे खाद्य घालणे. अंडी देणाऱ्या मादीच्या खाद्यात साधारण ३ ते ४ टक्के कॅल्शियम असते, पिल्लाला सुमारे १ टक्का पुरते. जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडावर येते, युरिक आम्लाचे क्षार सांध्यांत साठतात आणि पाय सुजतात.

पोत्यातली बुरशी

बदकाचे पिल्लू अफ्लाटॉक्सिनला, म्हणजे खाद्यावरच्या बुरशीच्या विषाला, पाळीव पक्ष्यांत सर्वाधिक नाजूक समजले जाते. १९६० साली ब्रिटनमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून जास्त टर्की मेल्या, बदकांची पिल्लेही दगावली, आणि त्या तपासातूनच हे विष सापडले. विषबाधेत पिल्लू लंगडते, तोल जातो, पाय आणि पंजे जांभळट दिसू लागतात, वाढ खुंटते. मोठी बदके त्याच खाद्यावर काही दिवस ठीक दिसतात, म्हणून दोष खाद्याचा आहे हे सुचत नाही. पोत्यात हात खोल घालून तळाचे खाद्य बाहेर काढा. गरम लागले, ढेकळे झाली असली, कुबट वास आला तर ते टाकूनच द्यावे. उन्हात वाळवून किंवा उकळून विष जात नाही. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतेच खाद्य घ्यावे आणि पोते जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावे.

मोठी मादी, नर आणि अचानक आलेला लुळेपणा

अंडी देणारी मादी अचानक पायांतून अधू झाली, शेपटी खाली घालून जोर देत बसली, तर अंडे अडकले आहे का हे पाहावे. कॅल्शियम कमी पडले की हाडातले कॅल्शियम कवचाला जाते आणि पाय खचतात. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा, ज्याला हवा तो खातो. नर जास्त असले तरी माद्यांचे खुबे दुखावतात. एका नरामागे चार-पाच माद्या असाव्यात.

आधी पाय लुळे, मग पंख, मग मान टाकलेली, पण बदक शुद्धीवर: हे बोटुलिझमचे, म्हणजे जिवाणूच्या विषाने येणाऱ्या लुळेपणाचे चित्र. साचलेले उथळ पाणी, कुजलेले प्राणी आणि त्यातल्या अळ्या यांतून हे विष पोटात जाते. उघडिपीत पाणी आटून ऊन पडले की धोका वाढतो. कळप लगेच त्या पाण्यापासून हलवावा, ताजे पाणी द्यावे, मेलेले पक्षी उचलून खोल पुरावेत आणि पशुवैद्यकाला बोलवावे. जुने रंगाचे डबे, बॅटऱ्या, गळाची शिशाची वजने गिळल्यानेही पाय जातात, विष्ठा हिरवी होते.

एकाच वेळी अनेक बदके मलूल, तोल गेलेली, मान वेडावाकडी करणारी किंवा मरत असतील तर घरगुती उपचारात वेळ घालवू नये. बदकांचा प्लेग, पिल्लांमधला विषाणूजन्य यकृतदाह, बर्ड फ्लू यांपैकी काहीही असू शकते. पक्षी कुठे न हलवता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

लंगड्या बदकाची शुश्रूषा

मुरगळा असेल तर एक ते दोन आठवडे लहान जागेत विश्रांती, एवढेच पुष्कळदा पुरते. बदक एकटे पडले की खाणे सोडते, म्हणून जाळीच्या पलीकडे सोबती दिसेल असे ठेवावे. खाद्य आणि पाणी चोचीच्या टप्प्यात हवे. पाण्याचे भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल असावे, नाहीतर नाक-डोळे बुजतात. उठत नसेल तर दिवसातून तीन-चारदा कूस बदलावी, छातीखालची गादी कोरडी आहे का पाहावे. जखम नसेल तर टबमधल्या कोमट स्वच्छ पाण्यात रोज दहा-पंधरा मिनिटे तरंगू द्यावे. भार न येता पाय चालतात. पिसे भिजून जड झाली की बाहेर काढून पुसून घ्यावे.

आता जमीन. बदके पाणी उडवणारच, ते थांबवता येत नाही, जागा बदलता येते. पाण्याचे भांडे झोपण्याच्या जागेपासून लांब, जाळीच्या चौकटीवर ठेवा आणि खाली गोल, गुळगुळीत गोटे पसरा. धारदार खडी मुळीच नको. खुराड्यात कोरडे तूस, पेंढा किंवा लाकडाचा भुसा किमान १० सेंटिमीटर असावा. मूठभर गादी दाबून पाहा. पाणी सुटले किंवा गोळा तसाच राहिला तर बदलायची वेळ झाली. नुसत्या तारेच्या जाळीवर बदके ठेवू नयेत. दाराचा उंबरठा एक फुटापेक्षा उंच असेल तर घसरणार नाही असा उतार लावावा, कारण उंचावरून मारलेल्या उड्यांनीही तळवे फुटतात.

वेदनाशामक किंवा प्रतिजैविक पशुवैद्यकाने दिले तर किती दिवस अंडी आणि मांस खायचे नाही, हे तेव्हाच विचारून कागदावर लिहून घ्या आणि औषध दिलेल्या मादीच्या पायात रंगीत कडे घाला, म्हणजे घरातल्या कुणालाही ती ओळखता येईल. कडे सैल असावे आणि काम झाल्यावर काढावे.