जास्वंद आणि गोड्या पाण्यातील शिंपला यांची तुलना कशी करावी

फुलझाड आणि शिंपला यांची तुलना करायला बसले, की पहिला मोह होतो तो फरकांची यादी करण्याचा. ती खरी असली, तरी तिच्यातून हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: जागचे फारसे हलता येत नसताना हा जीव पोट कसे भरतो आणि वंश दूरवर कसा पोहोचवतो?

आधी नमुने नीट न्याहाळावेत. जास्वंदीच्या पाच पाकळ्यांमधून बाहेर आलेल्या नळीवर पिवळे परागकोश असतात आणि अगदी टोकाशी पाच मखमली ठिपके, म्हणजेच कुक्षी, दिसतात. शिंपल्यासाठी मात्र जिवंत प्राणी उपटू नये. काठावर पडलेली रिकामी शिंपली पुरते. तिच्या आतल्या चकाकत्या थरावर दोन्ही टोकांशी बोट फिरवल्यास स्नायूंच्या खुणा लागतात. त्याच स्नायूंनी तो प्राणी आपले दोन्ही पुट, म्हणजे कवचाचे दोन्ही भाग, घट्ट मिटून घेत असे.

अन्नाचा मुद्दा सोपा आहे. झुडूप प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते, तर शिंपला पाणी आत ओढून त्यातील सूक्ष्म शैवाल आणि जिवाणू कल्ल्यांवर गाळून घेतो.

खरी गंमत प्रजननात आहे. फूल रंग आणि मकरंद यांच्या जोरावर कीटकांना किंवा पक्ष्यांना बोलावते आणि पराग त्यांच्या अंगावर चढवते. गोड्या पाण्यातील अनेक शिंपल्यांच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान अळ्या माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी म्हणून जगतात आणि मग तळाशी गळून पडतात. उत्तर अमेरिकेतील लॅम्पसिलिस प्रजातीच्या काही माद्या तर प्रावरणाची, म्हणजे कवचाच्या आतील मऊ पडद्याची, कड लहान माशासारखी हलवून मोठ्या माशाला जवळ ओढतात. येथे साम्य आणि फरक एकाच वाक्यात लिहावेत: दोघेही चालत्याफिरत्या प्राण्याला भुलवतात, परंतु फूल बहुधा मोबदला देते, शिंपला देत नाही. हे साम्य कार्याचे आहे, नात्याचे नाही, हेही स्पष्ट नोंदवावे. पाकळी आणि प्रावरण यांचा उगम एक नाही.

वय ताडताना विशेष सावध राहावे. शिंपल्यावरील वलये थंडीत वाढ मंदावल्याने उमटतात, पण पूर किंवा इजा यांमुळेही उमटू शकतात. आणि बारमाही उष्ण हवेत वाढलेल्या झुडपाच्या खोडात स्पष्ट वार्षिक वलये मिळतीलच असे नाही. म्हणून दोन्हीकडची वलये मोजून वयाची थेट तुलना करू नये.